911 रोज चालवायची तर: दादाच्या गाडीची दोन वर्षं

दोन वर्षांपूर्वी दादाने घरातली हॅचबॅक विकून टाकली आणि तिच्या जागी 2020 सालची पोर्शे 911 करेरा आणली, सेकंडहँड, 14,000 किलोमीटर चाललेली, आणि आणली ती रविवारी कव्हर काढून पुसायला म्हणून नाही तर रोजची गाडी म्हणून. ऑफिस, पोरीची, म्हणजे अनूची, शाळा, तिचं स्विमिंग, किराणा, पाहुण्यांना स्टेशनवर सोडणं, सगळं याच गाडीत. वहिनीची अट एकच, घरात गाडी एकच राहील, म्हणजे ही नाही झेपली तर हिलाच जावं लागणार, दुसरी स्वस्तातली गाडी घेऊन हिला झाकून ठेवायचं असं चालणार नाही. मला ही अट फार आवडली कारण त्यामुळे प्रयोग खरा झाला.

मी ऑइल तपासणाऱ्या लॅबमधे काम करते, इंजिनमधून काढलेलं वापरलेलं तेल बघायचं आणि आत काय चाललंय ते सांगायचं हे माझं रोजचं काम, म्हणून पहिल्याच दिवशी दादाला म्हटलं की तू चालव, मी वही ठेवते. प्रत्येक फेरी नाही लिहिली पण तेल, टायर, पेट्रोल, काय घासलं, काय तुटलं, कुठे अडलं हे सगळं लिहिलंय. खाली जे आहे ते त्या वहीतून आहे, एकाच गाडीचं आणि एकाच घराचं आहे, पण असा विचार डोक्यात असलेल्या माणसाला त्यातलं बरंच कामाला येईल असं मला मनापासून वाटतं.

आधी एक गोष्ट बाजूला करते. स्पोर्ट्स कार रोज वापरताच येत नाही ही समजूत ज्या गाड्यांमुळे पडली त्या गाड्या खरंच तशा होत्या. लॅम्बोर्गिनी काउंटाश 1974 ते 1990 बनत होती आणि तिला मागचं इतकं कमी दिसायचं की रिव्हर्स घ्यायला लोक दार वर उघडून उंबऱ्यावर बसून मान बाहेर काढायचे. मग 1990 मधे होंडाने एनएसएक्स आणली, अख्खी बॉडी ॲल्युमिनियमची, चारी बाजूंना नीट दिसणारी, कुणीही बसून सरळ चालवावी अशी, आणि तिथून बाकीच्यांनाही सुधारावं लागलं. 911 तर 1963 च्या फ्रँकफर्ट शोमधे पहिल्यांदा दिसली तेव्हापासून मागे दोन छोट्या सीट घेऊनच आली, काच उभी, पुढचे फेंडर ड्रायव्हरला दिसतात, त्यामुळे गाडी कुठे संपते ते कळतं. दादाची गाडी 992 सिरीजची (911 ची एक पिढी), इंजिनाची ताकद 385 पीएस, 1852 मिलिमीटर रुंद, आणि ट्रॅफिकमधे चालवायला ती आमच्या जुन्या हॅचबॅकपेक्षा अवघड नाही, हे मी स्वतः चालवून सांगतेय. अवघड आहे ते पार्किंग, कारण दारं लांब आहेत, शेजारी गाडी चिकटून उभी असेल तर बाहेर येताना पोट आत घ्यावं लागतं.

सगळ्यांना वाटतं की पहिला त्रास उंचीचा होणार. झाला पण. बिल्डिंगचं पार्किंग तळघरात आहे आणि रॅम्प जिथे संपतो तिथे पुढच्या बंपरचा ओठ खाली टेकायचा, खर्रकन आवाज यायचा आणि दादाचा चेहरा असा व्हायचा की बघवत नव्हतं. या गाडीला पुढचा ॲक्सल 40 मिलिमीटर वर उचलणारी सिस्टिम मिळते पण ती गाडी ऑर्डर करतानाच घ्यावी लागते आणि पहिल्या मालकाने घेतली नव्हती. मग एका रविवारी आम्ही रॅम्पच्या शेवटच्या कडेवर खडू घासला, जाड थर दिला, आणि गाडी हळू खाली आणली. बंपरखाली झोपून बघितलं तर पांढरा पट्टा बरोबर मधोमध, वीतभर लांब. म्हणजे दोन्ही चाकं एकदम खाली येतात आणि मधला भाग टेकतो. दुसऱ्या वेळी गाडी तिरकी घेतली, आधी डावं चाक खाली आणि मग उजवं, पट्टा निम्म्यावर आला. तिसऱ्या वेळी अजून तिरकी, भिंतीपासून जेमतेम हातभर, आणि खडू पूर्ण कोरडा, बंपरला काहीच नाही. दादाने भिंतीवर टेपचा तुकडा चिकटवला, त्या टेपला नाक लावायचं आणि वळायचं. दोन वर्षांत परत तिथे घासली नाही. स्पीडब्रेकरलाही तेच, तिरकं आणि हळू, मागच्याने हॉर्न दिला तर देऊ दे. त्रासाचं म्हणाल तर उंचीचा विषय इथे संपला.

खरा त्रास कुणाला दिसलाच नाही, आणि तो मला तेलात सापडला.

दादाचं ऑफिस घरापासून साडेतीन किलोमीटर. शाळा त्याच रस्त्यावर. स्विमिंग दोन किलोमीटर. म्हणजे गाडी दिवसातून चार-पाचदा सुरू व्हायची आणि प्रत्येक वेळी आठ-दहा मिनिटांत बंद व्हायची. दादा म्हणायचा, "बघ, किती जपून चालवतो, तीन हजाराच्या वर आरपीएम जात नाही माझा." आणि तो खरंच जपूनच चालवत होता. पण या गाडीत पाण्याचं टेम्परेचर आणि तेलाचं टेम्परेचर वेगवेगळं दाखवतात आणि एक दिवस मी शेजारी बसून फक्त ते बघत राहिले. ऑफिसच्या गेटवर पोचलो तेव्हा पाणी 80 च्या वर गेलं होतं आणि तेल 52 अंशांवर. परत येताना 49. दुसऱ्या दिवशी 55. या इंजिनात एका साध्या छोट्या गाडीच्या दुपटीच्या आसपास तेल मावतं, एवढं तेल गरम व्हायला वेळ लागतोच, आणि साडेतीन किलोमीटरमधे ते कधीच होणार नाही.

थंड इंजिन काय करतं ते थोडं सांगते कारण सगळं प्रकरण याच्यावर आहे. इंजिन गार असताना कॉम्प्युटर पेट्रोल जास्त सोडतो, सिलिंडरची भिंत थंड असते म्हणून ते सगळं नीट जळत नाही, थोडं पिस्टनच्या रिंगच्या बाजूने खाली तेलात उतरतं. जळताना पाणीही तयार होतं, त्याची वाफ थंड इंजिनात परत पाणी होते आणि तेही तेलातच जातं. गाडी पुढे अर्धा-पाऊण तास चालली, तेल 90-100 अंशाला जाऊन तिथे टिकलं, की हे पेट्रोल आणि पाणी उडून जातं, काही बिघडत नाही. पण ते टेम्परेचर आलंच नाही तर रोज थोडं थोडं साठत जातं आणि तेल पातळ होतं. वर या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमधे जातं, 911 मधे हे 2008 पासून आहे, त्यामुळे इनटेक व्हॉल्व्हवर (हवा आत घेणाऱ्या झडपांवर) पेट्रोलचा फवारा कधी पडत नाही, जुन्या पद्धतीच्या इंजिनात तो पडायचा आणि व्हॉल्व्ह धुतले जायचे, इथे तेलाची वाफ येऊन बसते आणि तिचा कार्बन होतो. हे कुठल्याही कंपनीच्या डायरेक्ट इंजेक्शन इंजिनाला लागू आहे. सायलेन्सरमधे पाणी साचतं ते वेगळंच.

सहा महिन्यांनी, 4,100 किलोमीटर झाल्यावर मी तेलाचं सॅम्पल काढलं. बाटलीचं झाकण उघडल्या उघडल्या पेट्रोलचा वास आला, मशीनला लावायच्या आधीच मला कळलं. त्याच्या गाडीत 0डब्ल्यू-40 तेल आहे, 40 ग्रेडचं तेल 100 अंशाला 12.5 ते 16.3 सेंटिस्टोक्समधे (तेल किती घट्ट ते मोजायचं माप) असायला पाहिजे. दादाचं आलं 10.8. म्हणजे डब्यावर 40 लिहिलेलं तेल इंजिनात 30 ग्रेडचं होऊन फिरत होतं. फ्लॅश पॉइंटही, म्हणजे ज्या टेम्परेचरला तेलाची वाफ पेट घेते तो, चांगलाच खाली आलेला, म्हणजे पातळ होण्याचं कारण पेट्रोलच. धातूचे आकडे अजून ठीक होते, लोखंड किंचित वर, घाबरण्यासारखं नाही. पण मी तो रिपोर्ट घेऊन दादाकडे गेले तेव्हा माझा हात खरंच थरथरत होता, कारण या माणसाने ही गाडी घ्यायला वीस वर्षं वाट बघितलीय हे मला माहितीय.

"अगं पण मी तर हळूच चालवतो," तो परत तेच म्हणाला.

"दादा, तू हळू चालवतोस हा प्रॉब्लेम नाहीये रे, तू जवळ चालवतोस हा प्रॉब्लेम आहे."

हे मला सगळ्यांना सांगायचंय आणि हे लिहायचं कारणही तेच आहे. लोक विचारतात की एवढी गाडी रोज काढली तर झिजेल ना. रोज काढल्याने नाही झिजत. उभी ठेवली तर बॅटरी उतरते, टायर एका जागी चपटे होतात, ब्रेकच्या डिस्कला गंज धरतो, म्हणजे उभी ठेवूनही ती नवी राहत नाहीच. ती झिजते रोज अर्धवट तापवून बंद केल्याने. रोजची गाडी म्हणून स्पोर्ट्स कार घ्यायची असेल तर पहिला प्रश्न गाडीला विचारायचा नाही, स्वतःच्या रस्त्याला विचारायचा, की माझी रोजची एक फेरी किती मिनिटांची आहे. अर्ध्या तासाच्या आत असेल तर तुम्हाला सवयी बदलाव्या लागतील, किंवा दुसरं काहीतरी घ्या. छोट्या साध्या गाडीलाही हे चांगलं नाहीच, पण तिथे तेल कमी, लवकर तापतं, आणि इंजिन उघडायची वेळ आली तरी माणूस उद्ध्वस्त होत नाही.

मग दादाने काय केलं. पहिल्यांदा त्याला सुचलं की ऑफिसला बायपासवरून वळसा घालून जाऊ, साडेतीनचे बावीस किलोमीटर होतील. मी नको म्हटलं, रोज अठरा किलोमीटर उगाच पेट्रोल जाळणं मला पटत नाही आणि तेवढ्याने तेल जेमतेम तापतं. शेवटी त्याने सायकल घेतली. ऑफिस आणि शाळा सायकलवर, पोरगी मागे बसते आणि तिला ते जास्त आवडतं. गाडीची कामं एकत्र बांधली, स्विमिंग, किराणा आणि आजीकडे जाणं हे एकाच फेरीत, मधे बंद झाली तरी इंजिन गार व्हायच्या आत परत सुरू. आठवड्यातून दोनदा त्याला कंपनीच्या दुसऱ्या साइटवर जावं लागतं, 45 किलोमीटर, आधी तो ऑफिसच्या गाडीने जायचा, आता स्वतःची नेतो. आणि सकाळी सुरू करून उभ्या उभ्या तापवत बसणं पूर्ण बंद, कारण उभी गाडी सगळ्यात हळू तापते आणि तेवढा वेळ पेट्रोल तेलात उतरत राहतं, सुरू करायची आणि लगेच हळू निघायचं. तेल 80 च्या वर जाईपर्यंत तीन हजार आरपीएमच्या खाली. तेल बदलायचं कंपनीने सांगितलेल्या मुदतीच्या निम्म्यावर, ते मी हट्टाने करून घेतलं.

तेल बदलून परत तेवढेच किलोमीटर झाल्यावर दुसरं सॅम्पल काढलं, 12.9 आलं. वास नाही. मी तो आकडा दादाला फोनवर सांगितला तर तो काही बोललाच नाही थोडा वेळ, मग म्हणाला, "वहिनीला सांग." सांगितलं.

ट्रॅफिकचं. गिअरबॉक्स पीडीके, म्हणजे पोर्शेचा ऑटोमॅटिक, आठ गिअर, आत दोन क्लच आहेत आणि ते तेलात बुडालेले असतात त्यामुळे कोरड्या क्लचपेक्षा उष्णता बरी सोसतात. पण क्लच तो क्लच. ब्रेकवर पाय हलका ठेवून इंच-इंच सरकत राहिलं की क्लच अर्धवट पकडलेला घासत राहतो. दादाने सवय लावली की पुढच्या गाडीला जाऊ द्यायचं, दोन गाड्यांची जागा होऊ द्यायची, तोवर ब्रेक घट्ट दाबून ठेवायचा म्हणजे क्लच सुटतो, आणि मग एकदाच नीट पुढे जायचं. मधे कुणीतरी घुसतं. घुसू दे.

टायरचं मात्र मी दादाला अजून माफ केलेलं नाही. पुढे 235/40 झेडआर 19 आणि मागे 295/35 झेडआर 20. हे आकडे वाचायचे कसे, 235 ही मिलिमीटरमधे रुंदी आणि 40 म्हणजे त्या रुंदीच्या 40 टक्के साइडवॉलची उंची, 94 मिलिमीटर. जुन्या हॅचबॅकचं टायर 195/65 होतं, म्हणजे 127 मिलिमीटर. हा जो सव्वा इंचाचा फरक आहे तोच खड्ड्यात रिम वाचवतो. एका रात्री पावसात पाणी भरलेला खड्डा दादाला डबकं वाटला, पुढचं डावं चाक धाडकन गेलं, गाडी सरळ चालत राहिली, स्टिअरिंग ओढत नव्हतं, हवा पण कमी झाली नाही म्हणून तो तसाच घरी आला आणि नंतरचे चार दिवस तशीच चालवली. पाचव्या दिवशी मी टायरवरून हात फिरवला तेव्हा आतल्या बाजूला, जिथे उभ्याने दिसत नाही तिथे, लिंबाएवढा फुगा. फुगा म्हणजे आतले धागे तुटलेत आणि फक्त रबराने हवा धरलीय, ते हायवेवर कधीही फुटू शकतं, आणि या गाडीत स्टेपनी नाही, नुसतं सीलंट आणि कॉम्प्रेसर असतो, जो साइडवॉलला काहीच कामाचा नाही. साइटवर त्या चार दिवसांत तो दोनदा जाऊन आला होता. जोरात खड्डा बसला की दुसऱ्याच दिवशी गाडी उचलून टायर आतून-बाहेरून हाताने चाचपायचं, हे डोक्यात पक्कं बसवा.

आणि ते टायर लगेच मिळालं नाही. 911 साठी कंपनीने मंजूर केलेल्या टायरवर एन0, एन1 असा शिक्का असतो, त्या मापात त्या शिक्क्याचं टायर दुकानात पडलेलं नसतं, मागवावं लागतं. नऊ दिवस गाडी उभी होती. एकच गाडी असलेल्या घरात नऊ दिवस, पोरीला ताप होता त्यातले दोन दिवस, आणि वहिनी त्या आठवड्यात खूप शांत होती जे तिच्या चिडण्यापेक्षा जास्त काळजीचं असतं. तेव्हापासून दादाने एक पुढचं आणि एक मागचं टायर जास्तीचं आणून ठेवलंय. पुढचं आणि मागचं माप वेगळं असल्यामुळे चाकं पुढे-मागे फिरवताही येत नाहीत, मागची आधी संपतात, आमच्याकडे 17,000 किलोमीटरला संपली.

पावसात गाडी माझ्या अपेक्षेपेक्षा चांगली निघाली. 992 मधे पुढच्या चाकांच्या कमानीत आवाज ऐकणारे सेन्सर आहेत, चाकाने उडवलेलं पाणी कमानीवर आपटतं तो आवाज ऐकून गाडी सांगते की रस्ता ओला आहे, वेट मोड लाव, लावायचा आपण. पण रुंद टायर पाण्यावर तरंगायला लवकर लागतं हे कुठल्याही सेन्सरने बदलत नाही. बऱ्याच देशांत कायद्याची मर्यादा 1.6 मिलिमीटर खाचांची आहे, आम्ही मागची 3 मिलिमीटरवर बदलली आणि पुढेही तसंच करणार.

सामानाचं थोडक्यात. पुढची डिकी 132 लिटरची, दोन बॅगा किंवा आठवड्याचा किराणा नीट बसतो, मागच्या सीट पाडल्या तर एका कुटुंबाचं दोन-तीन दिवसांचं सामान. चौघं आणि सामान दोन्ही नाही. पेट्रोलची टाकी 64 लिटरची, शहरात ॲव्हरेज साडेसहाच्या आसपास पडलं, लांबच्या रस्त्यावर अकरा. लोक सिग्नलला फोटो काढतात, पहिले दोन महिने दादाला अवघडायला व्हायचं, आता तो बघतही नाही. एकच गोष्ट तो अजून पाळतो, अनोळखी ठिकाणी रात्री रस्त्यावर लावत नाही, त्यामुळे दोन-तीन लग्नांना ते टॅक्सीने गेले.

वहिनीला मी मागच्या महिन्यात सरळ विचारलं की ठेवायची का. ती म्हणाली, तेलाचं आणि रॅम्पचं मला काही नाही, तुम्ही दोघं सांभाळता, पण अनूचे गुडघे बघ. खरंय ते. गाडी आली तेव्हा अनू आठ वर्षांची होती आणि मागची सीट जणू तिच्याच मापाची होती, आता ती तिरकी बसते, पाय शेजारच्या सीटवर टाकून, आणि वर्षभरात तसंही जमणार नाही. दादाला हे माहितीय. त्याने पुढची सीट इतकी पुढे ओढलीय की त्याचा उजवा गुडघा स्टिअरिंगखाली लागतो, लांबच्या प्रवासात दुखतो, आणि तरी तो मागे घेत नाही. याला तेलासारखा उपाय नाहीये. तो म्हणतो अजून एक वर्ष, मग ठरवू, आणि वहिनीने वर्षाला हो म्हटलंय, पुढचं बोललेली नाही.

वही आत्ता 33,600 किलोमीटरवर आहे. तिसऱ्या सॅम्पलची रिकामी बाटली मी काल त्याच्या पुढच्या डिकीत ठेवून आलेय, झाकणावर तारीख घालून.